खळ्यावरच्या सावल्या

“ए… पाय उचल! जवळ्यावर उभा आहेस!”

मी ओरडले आणि तो मुलगा खरोखर एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय ठेवायचा कुठे, हेच त्याला कळेना. चहूबाजूंनी जवळा पसरलेला — गुलाबी, ओलसर, जानेवारीच्या कोवळ्या उन्हात चमकणारा. त्याच्या हातात रिमोट, आणि डोक्यावर घोंघावणारा ड्रोन. कावळे तर केव्हाच बिथरले होते.

“सॉरी मॅडम… मी वर बघत होतो.”

“वर काय आहे? मासळी खाली आहे.”

तो हसला. मला हसू आलं नाही. येणार कुठून? आठवड्यापूर्वीच आमच्या खुबेपाड्याच्या मच्छीमार सोसायटीत नवीन नकाशाचा कागद आला होता. सोसायटीचा हिशेब, बर्फ, डिझेल, बोटींचे कागद — सगळं मीच बघते, त्यामुळे लिफाफाही मीच फोडला. वेसाव्याच्या अलीकडे, खाडीला लागून आमचा छोटासा कोळीवाडा. त्यातली मासळी वाळवायची मोठी मोकळी जागा, म्हणजे आमचं खळं. ते त्या कागदावर फिकट पिवळ्या रंगात रंगवलेलं होतं आणि वर लिहिलं होतं — ‘रिकामी जागा’.

रिकामी! बोटी पुरुषांच्या, पण खळं बायकांचं. माझं बी.कॉम. त्या दोरीवरच्या बोंबलांवर झालं. हरकती घ्यायला थोडे महिने होते, आणि मुंबईत ‘रिकामी जागा’ म्हटल्यावर पुढे काय होतं ते शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही.

आणि आता हा आकाशातून फोटो काढत होता.

“नाव काय तुझं?”

“कुंडलिक पाईकराव.”

“तुझं विचारलं. आजोबांचं नाही.”

“आजोबांचंच आहे,” तो अजूनही एका पायावर, “ते गेले आणि मी आलो, म्हणून मला दिलं.”

“आयकार्ड दाखव.”

त्यानं खिशातून काढून दाखवलं. फोटोत दाढी होती, समोर नव्हती. मी दोन्हींकडे आळीपाळीनं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं असेन… कारण त्याचे कान लाल झाले.

“साकीनाक्याला आमची कंपनी आहे,” तो म्हणाला. “किनाऱ्यावरच्या गावांचे नव्यानं फोटो काढतोय. नकाशे दुरुस्त करायला.”

“कुणाच्या फायद्यासाठी दुरुस्त?”

तेवढ्यात आई खराटा घेऊन आली. विनिता कोळीण खराटा घेऊन आली की भले भले वाट बदलतात. तिनं आधी ड्रोनकडे खराटा उगारला, मग त्याच्याकडे. “कोन रं तू? आमच्या खळ्यान कं करतंस?”

“मावशी, तुम्हीच येऊन बघा ना, मी काय काढलंय ते! आमच्याकडे भिंतीएवढी स्क्रीन आहे. एकेक बोंबील मोजता येईल.”

गोड बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. गोड बोलून, बरोबर डोळ्यांत बघणाऱ्याचा तर दुप्पट.

तरी गेले. संशय असेल तर घरी बसून काय करायचं? आईला बरोबर घेतलं आणि रिक्षानं साकीनाका गाठला. गॅरेज, प्रेसवाले, लोखंडाच्या पट्ट्या वाहणाऱ्या हातगाड्या, आणि त्यांच्यामधून एक अरुंद जिना. वर काचेचं दार. आत गारवा, अंधार… आणि समोर आमचा खुबेपाडा!

आख्खी भिंत होती ती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाडी, बोटी, देऊळ, घरांचे पत्रे, पत्र्यावरचे टायर. मी पुढे पुढे गेले. घरच्या टीव्हीच्या जवळ गेलं की चित्र फुटतं. हे फुटेना. नाक टेकेपर्यंत गेले तरी आमच्या दारातल्या तुळशीची पानं वेगळी दिसत होती.

“ही मी!” आई किंचाळली. खळ्याच्या मध्यावर, खराटा उगारलेली, तोंड वर केलेली तीच होती. “आग्गो बाय… माजं तोंड बग कसं दिसतंय!”

कुंडलिक आमच्या मागे उभा होता. “लॅपटॉपवर एक तर सगळं गाव दिसतं, नाहीतर एखादं घर. दोन्ही एकदम नाही दिसत. इथं दिसतं. आणि दहा माणसं एकत्र उभी राहून भांडू शकतात.”

“भांडू कशाला?”

“भांडल्याशिवाय नकाशा पक्का होतो का? हे माझं, ते तुझं, इथून पाणी जातं, इथं पालखी थांबते… हे सॉफ्टवेअरला काय कळतंय? त्याला बोंबील नसले की जागा रिकामी वाटते.”

रेवती मॅडम म्हणजे त्याची बॉस. पांढरे केस बारीक कापलेले, डोळे तीक्ष्ण. त्यांनी सांगितलं की हा हॉल तासावर भाड्यानं जातो. सकाळी मुलुंडच्या एका हॉस्पिटलचे डॉक्टर येतात, सुईच्या टोकाएवढा मांसाचा तुकडा भिंतभर करून त्यात कॅन्सर शोधतात. दुपारी पुलांचे इंजिनिअर येऊन खांबांच्या फोटोंत केसाएवढ्या भेगा हुडकतात. एका पैठणीवाल्यानं तर दोनशे वर्षं जुन्या पदराचे धागे इथं बसून मोजले.

“आणि आमच्याकडून भाडं?” मी विचारलं.

“किनाऱ्याच्या कामाच्या खर्चात हॉलचं भाडं धरलेलं आहे. मात्र गावानं एक सही द्यायची. फोटो काढायला आमची हरकत नाही म्हणून.”

मी कुंडलिककडे वळले. “बघ! सहीसाठीच चाललं होतं ना गोड गोड?”

“हो,” तो म्हणाला. सरळ. पापणीसुद्धा न हलवता.

मला खोटं पकडायची सवय. खरं बोलणाऱ्याचं काय करायचं, तेच मला सुचेना.

त्यानंतर दर शनिवारी मी खुबेपाड्याची चार-चार माणसं घेऊन साकीनाक्याला जाऊ लागले. माझे बाबा, म्हणजे हरेश्वर तांडेल, पहिल्या दिवशी स्क्रीनसमोर चपला काढून उभे राहिले. बायका आपापल्या दोऱ्या दाखवायच्या, पुरुष होड्यांच्या जागा. भांडणं तर झकास झाली. मी दांडीनं दाखवायचे आणि कुंडलिक नावं टाकायचा. खाडीचं निळं चित्र त्याच्या चेहऱ्यावर पडायचं. मी नकाशा बघतेय असं दाखवत… असो.

एकदा सगळे चहाला खाली गेले, तेव्हा तो हळूच म्हणाला, “एक गंमत दाखवू?”

त्यानं काहीतरी दाबलं. खळं मोठं मोठं होत गेलं. भिंतभर गुलाबी जवळा पसरला, आणि त्यात — एका पायावर उभा असलेला तो. समोर हात उगारलेली मी. वरून दिसणारी माझी वेणी, माझी सावली, आणि त्या सावलीचासुद्धा हात उगारलेला.

मी हसले. त्याच्यासमोर पहिल्यांदाच. थांबताच येईना.

“डिलीट कर हा.”

“सरकारी कामातला फोटो आहे. डिलीट करता येत नाही.”

“हे तू सगळ्या गावांत करतोस? प्रत्येक खळ्यावर एक मुलगी?”

“दुसऱ्या खळ्यांवर मला कुणी ओरडलं नाही.”

“म्हणजे ओरडलेलं आवडतं तुला?”

“सगळ्यांचं नाही…” तो म्हणाला आणि कान परत लाल.

घरी येऊन मी स्वतःलाच झापलं. कल्पिता, हा नक्की कोण? भांडुपला टेकडीवर राहतो म्हणतो. आई आहे, शकु नावाची, तिची दाढ कायम दुखते म्हणतो. यातलं खरं किती? मोबाईलवर त्याचा एकही फोटो नाही, फक्त खाड्या आणि डोंगर. स्वतःला एवढं कोण लपवतं? लग्न झालेला माणूस. नाहीतर बिल्डरचा माणूस. मी दोन्ही शक्यता नीट घोळवून पाहिल्या, आणि पुढच्या शनिवारी त्याला आवडतं म्हणून सोड्यांचं कालवण डब्यात भरलं.

मार्चच्या सुरुवातीला एका मंगळवारी मी न सांगता गेले. रेवती मॅडमनी सुके बोंबील मागितले होते, तेवढंच निमित्त. हॉलचं दार अर्धवट उघडं होतं.

भिंतीवर आमचं खळं होतं. आणि त्या खळ्यावर तीन उंच टॉवर उभे होते.

काचेच्या बाल्कन्या, खाली पोहण्याचा तलाव, तलावाकाठी छत्र्या. समोर कोट घातलेले तिघे जण खुर्च्यांत बसलेले. आणि कडेला, की-बोर्डजवळ, चित्र गोल फिरवून दाखवणारा कुंडलिक.

बोंबलांची पिशवी माझ्या हातातून सुटली. त्या आवाजानं त्यानं वळून बघितलं. मी जिन्याकडे धावले.

“कल्पिता! थांब… ऐक तरी!”

“कोण आहेत ते?”

तो जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला. “क्लायंट आहेत. त्यांनीही हॉल भाड्यानं घेतलाय. नाव सांगता येत नाही मला.”

“किती दिवस चाललंय?”

त्यानं मागे हॉलच्या दाराकडे बघितलं.

“किती दिवस, कुंडलिक?”

“मागच्या आठवड्यापासून.”

“म्हणजे मागच्या शनिवारी माझ्या हातचं कालवण खाल्लंस तेव्हा तुला ठाऊक होतं.”

“हो.”

परत तेच ‘हो’. या वेळी ते कानफटात बसल्यासारखं लागलं.

“तू कुणाच्या बाजूनं आहेस रे?”

“मी… नोकरी करतो, कल्पिता. स्क्रीन ज्यानं भाड्यानं घेतली त्याला दाखवतो. पण तुमचा नकाशा मी—”

“वाट लागली आमची आणि तू नोकरी करतोस!” मी म्हणाले. “खुबेपाड्यात परत पाय ठेवू नकोस.”

घरी येऊन दोरीवरचे बोंबील काढत बसले. आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझ्या शेजारी येऊन तीही काढू लागली. मला वाटलं होतं, संशय खरा ठरला की बरं वाटतं. अजिबात बरं वाटलं नाही.

तीन-चार दिवसांनी त्याचा मेसेज आला. मी तो उघडायचा नाही असं ठरवलं आणि लगेच उघडला.

‘क्लायंटचं काही सांगणार नाही, विचारूही नकोस. पण तुमच्या नकाशात खळं ज्या फोटोवरून रिकामं दाखवलंय, तो विमानातून काढलेला जुना फोटो सरकारी वेबसाइटवर सगळ्यांसाठी खुला आहे. मोबाईलवर पूर्ण उघडत नाही, कागदावर बारीक येतो. शनिवारी मोठ्या स्क्रीनवर लावून बघा. रेवती मॅडम असतील. मी नसेन.’

मी तो मेसेज आईला दाखवला. आईनं विचारलं, “तो का नाय येनार?”

“मला काय माहीत?” मी म्हटलं. पण तोच प्रश्न रात्रभर माझ्याही डोक्यात होता. हाही एखादा डाव? आम्हाला भलताच फोटो दाखवून हरकतीची मुदत उडवायची?

शनिवारी बाबांना घेऊन गेले. रेवती मॅडमनी फोटो लावला. खळं खरंच रिकामं होतं. एक बोंबील नाही, एक बाई नाही. नुसती करडी माती.

बाबा मात्र खळ्याकडे बघतच नव्हते. ते खाडीकडे बघत होते. “मॅडम, त्या होड्या जरा मोठ्या करा.”

होड्या मोठ्या झाल्या. प्रत्येकीवर पताका आणि झेंडूच्या माळा.

“शिमगा!” बाबा म्हणाले. “आमच्या शिमग्याची सकाळ आहे ही. देवळापुढं बघा, होळी उभी आहे. शिमग्याला कोण मासळी वाळवतो? आदल्या दिवशीच आम्ही खळं झाडून काढतो. नाचायला.”

“पण झाडलेलं खळं आणि रिकामी जागा यांत फरक कसा दाखवायचा?” मॅडम म्हणाल्या. “अधिकारी विचारणारच.”

मी भिंतीजवळ गेले. अगदी जवळ. करड्या मातीवर काहीतरी होतं. बारीक, काळ्या, सरळ रेषा… एका ओळीत, सारख्या अंतरावर. एकीच्या टोकाला आडवी रेघ.

“मॅडम, अजून मोठं होईल?”

झालं. चित्र फुटलं नाही. रेषा बोटाएवढ्या झाल्या, मग हाताएवढ्या. सावल्या होत्या त्या! सकाळच्या उन्हात पडलेल्या बांबूंच्या लांब सावल्या. वरून बांबू ठिपक्याएवढा दिसतो, पण त्याची सावली आडवी पसरते. दोऱ्या सोडलेल्या होत्या, बोंबील नव्हते, तरी आमचे खांब जागच्या जागी उभे होते. रांगांवर रांगा. देवळापासून थेट खाडीपर्यंत.

बाबांनी हात लांब करून एका सावलीवर बोट टेकवलं. “ही आपली रांग,” म्हणाले, आणि बोट उचललंच नाही.

मी डोळे पुसत रेवती मॅडमना विचारलं, “कुंडलिकला या सावल्या दिसल्या होत्या?”

“नसाव्यात. त्यानं तो फोटो इथं लावलाच नाही. म्हणाला, क्लायंटच्या पैशांवर चाललेल्या स्क्रीनवर तुमचं काम करायचं नाही, आणि दोन्हीकडचं काम हातात असताना तुमच्या वेळी आपण इथं असायचं नाही. नंतर त्या टॉवरवाल्यांचं काम त्यानं सोडलं.” त्या जरा चिडूनच बोलल्या. “मोठा क्लायंट होता. मला राग आलाय त्याचा. मुलुंडला पुलाखालच्या भेगांचे फोटो काढायला पाठवलंय, बस म्हटलं तिथंच.”

एप्रिलमध्ये आमच्या हरकतीवर सुनावणी झाली, तीही त्याच हॉलमध्ये. सोसायटीनं तसा अर्जच केला होता. अधिकारी भिंतीसमोर उभे राहिले. मी सावल्या दाखवल्या, बाबांनी शिमगा सांगितला, आणि बायकांनी एकेक करून पुढे येऊन आपापली रांग दाखवली. आईनं स्वतःची दाखवली आणि शेजारणीचीही. अधिकारी भिंतीच्या आणखी जवळ गेले. मग म्हणाले, “कागदावर हे मला कधीच दिसलं नसतं.”

मेमध्ये पक्का नकाशा आला. पिवळा रंग गेला होता. त्यावर लिहिलं होतं — ‘मासळी वाळवण्याची जागा’. खुबेपाड्यात त्या दिवशी फटाके वाजले.

कुंडलिकचा फोन नाही. मेसेज नाही. मी दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. ‘पाय ठेवू नकोस’ असं मीच म्हटलं होतं, हे मला आठवत होतं. पण म्हणून कुणी खरंच पाय ठेवत नाही का? की आमचं काम संपलं तसा आमच्यातला रसही संपला? मुलुंडला नवीन कुणी ओरडणारी भेटली?

नकाशा आला त्याच्या पुढच्या रविवारी तो आला. दुपार कलली होती. खळ्यावर पावसाळ्याआधीची शेवटची मासळी होती. बायकांनी एकदम माना वळवल्या. तो कडेकडेनं, जपून पावलं टाकत आला. हातात ड्रोन नव्हता, पाठीवर सॅक नव्हती. गळ्यात आयकार्डसुद्धा नाही.

आईनं कमरेवर हात ठेवले. “आता कं मोजायला आलास?”

“काही नाही, मावशी. कल्पिताशी बोलायचं होतं. तुमच्यासमोर बोललो तरी चालेल.”

बाबा होडीच्या सावलीत जाळं शिवत बसले होते. त्यांनी सुई थांबवली.

“एवढे दिवस कुठं होतास?” मी विचारलं. आवाज करडा ठेवायचा होता, तो तसा राहिला नाही.

“नकाशा पक्का व्हायची वाट बघत होतो.”

“का?”

“आधी बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, सहीसाठी बोलतोय. नाहीतर त्या लोकांनी पाठवलंय. नाहीतर तुमचं काम करून दिलं, त्याची किंमत मागतोय.” त्यानं एक श्वास घेतला. “आता काम संपलं. तुमच्याकडून मला काही नको, मला तुम्हाला काही द्यायचं नाही. आता तरी माझं बोलणं नुसतं बोलणं म्हणून ऐकशील?”

“बोल.”

“तू मला आवडतेस, कल्पिता. पहिल्या दिवसापासून नाही… पहिल्या दिवशी मी घाबरलो होतो. पण नंतर, दर शनिवारी, जरा जरा जास्त.”

मागे कुणीतरी बाई फिस्सकन हसली. आईनं तिच्याकडे नुसतं बघितलं.

बाबांनी जाळं बाजूला ठेवलं. “पाईकराव म्हणजे… कुठले तुम्ही?”

“बौद्ध आहोत, काका. मूळचे हिंगोलीकडचे. आता भांडुपला. आई आहे घरी.”

बाबा खाडीकडे बघत राहिले. समुद्रावरचा माणूस, घाईनं बोलत नाही. आमच्या वाड्यात अजून कुणी बाहेरचा जावई केला नव्हता. ते त्यालाही कळत होतं, तरी तो डोळे खाली घालत नव्हता.

“मला विचार करायला लागेल,” शेवटी बाबा म्हणाले. “भावकी आहे, वाडा आहे. आज हो म्हणनार नाय मी.”

“चालेल, काका.”

“पन नाय बी म्हटलेलं नाय.” एवढं बोलून त्यांनी परत जाळं ओढलं.

आई पुटपुटली, “विचार करा तुमी. पोऱ्याला तवर पानी तरी विचारा,” आणि घराकडे निघाली.

आम्ही दोघं तिथंच उभे राहिलो. खाडीवरून वारा आला, दोरीवरचे बोंबील सळसळले. तो माझ्याकडे बघत होता, आणि जिनं त्याचं आयकार्ड तपासलं, त्याचं नाव तपासलं, त्याच्या आईच्या दुखऱ्या दाढेवरही संशय घेतला, त्या मला शोधूनही विचारायला एक प्रश्न सापडत नव्हता.

“तू काहीच बोलली नाहीस,” तो म्हणाला.

“पुढच्या रविवारी भांडुपला येते,” मी म्हटलं. “तुझ्या आईला भेटायला.”

“खात्री करायला?”

“नाही रे, वेड्या.” मी त्याचा हात धरला. सगळ्या खळ्यासमोर. “सांगायला.”